951 गॅस्प्रा : एक लहान खडकाळ लघुग्रह स्वतः शोधायचा, टिपायचा आणि त्याचं फिरणं मोजायचं कसं

951 गॅस्प्रा हा लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या बाजूला फिरणारा, जेमतेम 18 किलोमीटर लांबीचा खडक आहे. ग्रिगोरी नेउइमिन यांनी तो 30 जुलै 1916 रोजी क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेतून शोधला आणि जवळच्याच गॅस्प्रा या आरोग्यधामाचं नाव त्याला दिलं. पुढची पाऊणशे वर्षं यादीतला एक ठिपका एवढीच त्याची ओळख होती. 29 ऑक्टोबर 1991 रोजी गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान सेकंदाला 8 किलोमीटर वेगाने त्याच्यापासून 1600 किलोमीटरवरून गेलं, आणि माणसाने पहिल्यांदाच एखादा लघुग्रह जवळून पाहिला.

यानाचा मोठा अँटेना त्याच वर्षी एप्रिलमध्ये अडकला होता, उघडलाच नाही. त्यामुळे चित्रं लहान अँटेनावरून थेंबाथेंबाने आली. पहिली नोव्हेंबर 1991 मध्ये मिळाली, बाकीचा साठा यान पुन्हा पृथ्वीजवळ आल्यावर 1992 च्या अखेरीस. त्यांत दिसला तो 18.2 × 10.5 × 8.9 किलोमीटरचा, कोपरे निघालेला, ओबडधोबड दगड. उत्तम चित्रांत एका पिक्सेलमध्ये 54 मीटर मावत होते, आणि 100 ते 500 मीटर व्यासाची सहाशेहून जास्त विवरं मोजता आली. या विवरांना जगभरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आणि आरोग्यधामांच्या गावांची नावं आहेत. त्यात आपलं हिमाचलमधलं मणिकरणही आहे.

हे सगळं आधी सांगण्याचं कारण असं, की गॅस्प्राबद्दल यानाने जे सांगितलं त्यातला एक मोठा भाग आठ इंची दुर्बिणीतून, साध्या कॅमेऱ्याने, महाराष्ट्रातल्या एखाद्या माळरानावर बसून आपल्याला स्वतः पडताळता येतो. तो लांबट आहे, सुमारे सात तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो आणि त्याचा आकार दहा-पंधरा किलोमीटरच्या घरात आहे, हे तिन्ही निष्कर्ष एका ठिपक्याच्या उजेडातून काढता येतात. यान पोहोचण्याआधी जमिनीवरच्या निरीक्षकांनीही नेमकं हेच केलं होतं. त्यांच्या प्रकाशवक्रांवरून, म्हणजे वेळेनुसार चमक कशी बदलते याच्या आलेखांवरून, आकाराचा आणि अक्षाचा अंदाज आधीच हाताशी होता. अशा कामाला मी हौस म्हणत नाही, हे खरं मोजमाप आहे. म्हणून पुढचं सगळं त्याच गांभीर्याने लिहितो आहे.

काय दिसणार आणि काय नाही

गॅस्प्रा पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही सुमारे 12 कोटी किलोमीटर दूर असतो. तेवढ्या अंतरावरून त्याची 18 किलोमीटरची लांबी आकाशात 0.03 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) एवढीच भरते. आठ इंची दुर्बिणीची तपशील वेगळा करण्याची मर्यादा अर्ध्या विकलेच्या थोडी वर असते. म्हणजे आकार, विवरं, कडा यांतलं काहीही दिसणार नाही. दिसेल तो ताऱ्यासारखाच एक ठिपका. फरक इतकाच, की तो सरकतो आणि त्याची चमक कमीजास्त होते. सरकण्यातून कक्षा कळते, चमकेतून आकार आणि फिरणं. आपलं सगळं काम या दोन गोष्टींवर आहे.

कोणत्या हंगामात बसायचं

गॅस्प्रा सूर्यापासून सरासरी 2.21 खगोलीय एककांवर असतो. (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे 15 कोटी किलोमीटर.) कक्षा थोडी लंबगोल आहे, त्यामुळे सूर्यापासूनचं अंतर 1.83 ते 2.59 एकक असं बदलतं. एक फेरी 3.28 वर्षांची. त्यामुळे पृथ्वी त्याला दर सतरा-साडेसतरा महिन्यांनी गाठते, आणि तेव्हा तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो. हीच प्रतियुती. निरीक्षणासाठी प्रतियुतीच्या आगेमागे दीड महिना धरा.

पण सगळ्या प्रतियुती सारख्या नसतात. चमक प्रतीत मोजतात, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका ठिपका अंधूक. किती तेजस्वी दिसेल याचा हिशेब सोपा आहे:

दृश्यप्रत ≈ निरपेक्ष प्रत + 5 × लॉग (सूर्यापासूनचं अंतर × पृथ्वीपासूनचं अंतर)

गॅस्प्राची निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वी दोन्हींपासून एक एकक दूर असता तर दिसली असती ती) सुमारे 11.5. तो सूर्याजवळ असताना प्रतियुती आली तर अंतरं 1.83 आणि 0.83. त्यांचा गुणाकार दीडच्या आसपास, म्हणून 0.9 मिळवायचे आणि प्रत आली 12.4. सूर्यापासून दूर असताना आली तर 2.59 आणि 1.59, गुणाकार 4.1, म्हणजे 3.1 मिळवायचे आणि प्रत 14.6. प्रतियुतीपासून जसे लांब जाल तशी चमक आणखी थोडी घटते. 2.2 प्रतींचा हा फरक म्हणजे उजेडात सातपटीहून जास्त फरक. आठ इंची दुर्बिणीला 12.4 सहज झेपतं, 14.6 साठी घाम गाळावा लागतो.

सूर्याजवळची प्रतियुती ऑक्टोबरच्या मध्याला पडते, आणि ही आपल्यासाठी फार मोठी सोय आहे. परतीचा पाऊस आवरत आलेला असतो. गॅस्प्रा त्या वेळी मध्यरात्री महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असतो. क्षितिजाच्या 30 अंश वर तो आठ तासांहून जास्त राहतो. त्याची एक फेरी सात तासांची. म्हणजे एका रात्रीत एक पूर्ण फेरी पकडता येते! प्रतियुती जून ते सप्टेंबरमध्ये आली तर मात्र आपल्याकडून तिचा विचार सोडून द्यावा. ढग जाण्याची वाट पाहण्यात महिना संपतो.

ऑक्टोबरात दोन अडचणी येतात. पहिली दवाची. पावसाळ्यानंतर जमीन ओली असते, रात्री अकरानंतर आरशावर, भिंगावर पाणी धरतं. दुर्बिणीच्या तोंडाला जुन्या योगा मॅटची नळी करून बसवा, शक्य असेल तर गरम पट्टाही लावा. दुसरी दिवाळीची. त्या चार-पाच दिवसांत शहराच्या आसपास हवेत इतका धूर असतो की मोजमापांवर विसंबता येत नाही. बेत तारखा बघूनच आखा.

जागा

कॅमेऱ्याने मोजायचं असेल तर आकाश अगदी काळंच हवं असं नाही. 12.4 प्रतीचा ठिपका पुण्याच्या उपनगरातल्या गच्चीवरूनही मोजता येतो. डोळ्याने बघायचा असेल किंवा तो 14 प्रतीहून अंधूक असेल तर मात्र शहर सोडलेलं बरं. मुंबईकरांची वांगणी वर्षानुवर्षांची ठरलेली जागा आहे. जुन्नरच्या बाजूला आकाश चांगलं आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण तिथेच गिरवलीला आहे. पण जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, हे विसरू नका. उसाच्या फडाजवळ, एकट्याने, रात्रभर बसायचं नाही. दोघं-तिघं असा, गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा, आणि शक्यतो कोणाच्या तरी वाड्यावर किंवा शाळेच्या आवारात परवानगीने बसा. लाल दिवे आणि दुर्बिणीची नळी बघून गावकऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. त्यांना बोलावून आधी शनी किंवा गुरू दाखवला, की रात्रभर चहासुद्धा मिळतो.

सामान

सहा ते आठ इंची दुर्बीण, आकाशाबरोबर फिरणारा माउंट (दुर्बीण धरणारी बैठक), आणि कॅमेरा. कॅमेरा डीएसएलआर चालतो, खगोलशास्त्रासाठीचा थंड केलेला कॅमेरा असेल तर उत्तम. लॅपटॉप, रात्रभर पुरेल अशी बॅटरी, रिकामी हार्ड डिस्क. डॉब्सोनियन दुर्बीण असेल, जी हाताने फिरवावी लागते, तर फोटो आणि मोजमाप जमणार नाही, पण डोळ्याने शोधणं नक्की जमेल.

विकत घेण्याआधी एक हिशेब करा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला 206 ने गुणा, दुर्बिणीच्या नाभीय अंतराने (मिलिमीटर) भागा. उत्तर म्हणजे एका पिक्सेलमध्ये किती विकला. 3.76 मायक्रॉनचा पिक्सेल आणि 1000 मिलिमीटरची दुर्बीण असेल तर 0.77 येतं, आणि ते अगदी चांगलं आहे. एक ते दीड आलं तरी काम होतं. तीनच्या वर गेलं तर ठिपका दोन-तीन पिक्सेलांत कोंबला जातो आणि मोजमाप डळमळतं.

पहिली पायरी : स्थानसारणी काढणं

नासाच्या जेपीएलचं होरायझन्स किंवा लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर यांच्या संकेतस्थळावर 951 हा आकडा टाकला की कोणत्या वेळी गॅस्प्रा आकाशात कुठे असेल याचा तक्ता मिळतो. विषुवांश आणि क्रांती (आकाशातले जणू रेखांश-अक्षांश), प्रत, सूर्यापासूनचं आणि पृथ्वीपासूनचं अंतर आणि तासाला किती सरकतो, एवढे रकाने निवडा. दर तासाची नोंद पुरे.

इथे नवखे दोन ठिकाणी हमखास अडकतात.

एक, जागा. होरायझन्स काही न सांगता भूकेंद्रावरून बघितलेलं स्थान देतं. गॅस्प्रा जवळ असताना भूकेंद्र आणि तुमची गच्ची यांतून दिसणाऱ्या स्थानांत दहा विकलांपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून आपले अक्षांश, रेखांश आणि उंची भरा. पुण्यासाठी 18.52 उत्तर, 73.85 पूर्व, सुमारे 560 मीटर.

दोन, वेळ. तक्ता जागतिक वेळेत असतो, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे 3 वाजता, 12 तारखेला, तुम्ही फोटो काढलात तर तक्त्यात 11 तारखेचे 21:30 बघायचे. भारतातली रात्र साडेपाचपर्यंत जागतिक वेळेत संध्याकाळच्याच तारखेत राहते, एवढं लक्षात ठेवलं तर गोंधळ होत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मुळातच जागतिक वेळेवर लावून टाका. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून निघण्याआधी जुळवून घ्या, कारण माळावर नेटवर्क असेलच असं नाही.

दुसरी पायरी : सराव सोप्यावर

थेट गॅस्प्रावर जाऊ नका. आधी 4 वेस्टा पकडा, तो द्विनेत्रीतूनही दिसतो. मग 8 फ्लोरा. तो चांगल्या प्रतियुतीत आठव्या प्रतीच्या आसपास येतो. फ्लोरा मुद्दाम सुचवतो आहे. गॅस्प्रा ज्या कुटुंबातला मानला जातो त्या कुटुंबाला फ्लोराचंच नाव आहे. कधीकाळी एक मोठा पिंड टक्करीत फुटला आणि त्याचे तुकडे आज जवळजवळ सारख्या कक्षांतून आतल्या पट्ट्यात फिरताहेत, असं हे कुटुंब. पट्ट्याचा हा भाग साधारण 2.1 ते 2.5 एककांचा. 2.5 वर गुरूच्या ओढीमुळे जवळजवळ रिकामी पडलेली फट आहे. आतल्या पट्ट्यात खडकाळ, सिलिकेटी लघुग्रहांचा भरणा जास्त. त्यांना एस प्रकारचे म्हणतात. आपल्याकडे पडणाऱ्या सर्वसाधारण दगडी उल्का अशाच लघुग्रहांचे तुकडे असतात, हे जपानच्या हायाबुसा यानाने इटोकावा या लघुग्रहावरून 2010 मध्ये आणलेल्या कणांनी पक्कं केलं.

सरावात नकाशा आणि आकाश जुळवायची सवय होते. स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लघुग्रहांची यादी ताजी करून घ्या. जुन्या कक्षामानांवर ठिपका चुकीच्या जागी दाखवला जातो.

तिसरी पायरी : ओळखणं

गॅस्प्राच्या जागी दुर्बीण लावा, 60 सेकंदांचे तीन फोटो घ्या, अर्धा तास थांबा, पुन्हा तीन घ्या. फोटो प्लेट सॉल्व्ह करा, म्हणजे त्यातल्या ताऱ्यांवरून तो आकाशाचा नेमका कोणता तुकडा आहे हे संगणकाकडून ओळखून घ्या. एस्टॅप हे मोफत सॉफ्टवेअर हे काही सेकंदांत करतं. मग दोन्ही वेळचे फोटो एकावर एक ठेवून आलटूनपालटून बघा.

प्रतियुतीच्या वेळी गॅस्प्रा तासाला सुमारे 40 विकला सरकतो. हा आकडा कुठून येतो? पृथ्वी सेकंदाला 30 किलोमीटरने धावते, गॅस्प्रा सरासरी 20 ने. आपण त्याला आतल्या बाजूने मागे टाकतो, म्हणून तो ताऱ्यांसमोर पश्चिमेकडे मागे जाताना दिसतो. अर्ध्या तासात 20 विकला, म्हणजे वरच्या हिशेबाने पंचवीस-सव्वीस पिक्सेल. पडद्यावर शेकडो ठिपके एका जागी ठाम आणि एकच ठिपका उडी मारतो. तोच गॅस्प्रा. त्याची जागा स्थानसारणीशी ताडून बघा. दिशा आणि अंतर दोन्ही जुळले तरच हो म्हणा. पट्ट्यात गर्दी आहे, त्याच चौकटीत दुसरा लघुग्रह निघाला असं होतं, आणि असं होणं आनंदाचंच आहे.

डोळ्याने बघणाऱ्यांसाठी: आयपीसमधून त्या भागाचं चित्र कागदावर काढा, दहा-बारा ठिपके पुरेत. दुसऱ्या रात्री पुन्हा काढा. एका दिवसात तो सुमारे 16 कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्याएवढा सरकलेला असेल.

चौथी पायरी : स्थान मोजणं

प्लेट सॉल्व्ह झालेल्या फोटोवर गॅस्प्राचा मध्यबिंदू मोजून विषुवांश-क्रांती काढणं ॲस्ट्रोमेट्रिका किंवा टायको ट्रॅकर यांत होतं. तारासूची गाया या तारे मोजणाऱ्या युरोपीय यानाच्या मोहिमेची वापरा. वेळ एक्स्पोजरच्या मधल्या क्षणाची धरायची, सुरुवातीची नाही. पट्ट्यातल्या लघुग्रहाला घड्याळाची एक-दोन सेकंदांची चूक जाणवत नाही (सेकंदाला 0.01 विकला एवढीच ती भरते), पण मिनिटाची चूक पाऊण विकलेच्या जवळ जाते आणि लगेच उघडी पडते.

गॅस्प्राची कक्षा इतकी नेमकी माहीत आहे की तुमच्या मोजणीने तिच्यात काही भर पडणार नाही. उलट ती तुमची परीक्षा घेते. मोजलेलं स्थान आणि तक्त्यातलं स्थान यांतला फरक सातत्याने अर्ध्या विकलेच्या आत आला की तुमची दुर्बीण, घड्याळ आणि पद्धत तिन्ही ठीक आहेत असं समजा. फरक नेहमी सरकण्याच्या दिशेनेच येत असेल तर घड्याळ तपासा.

हे जमलं की मायनर प्लॅनेट सेंटरकडून वेधशाळा संकेतांक मागता येतो. त्यासाठी क्रमांक मिळालेल्या काही लघुग्रहांची किमान दोन रात्रींची मोजमापं पाठवावी लागतात. गच्चीवरच्या दुर्बिणीलाही हा संकेतांक मिळतो.

पाचवी पायरी : फिरणं पकडणं

हा या सगळ्याचा गाभा. रताळं हातात धरून दिव्यासमोर फिरवून बघा. लांब बाजू समोर आली की जास्त उजेड परततो, टोक समोर आलं की कमी. एका फेरीत लांब बाजू दोनदा समोर येते, टोकं दोनदा. म्हणून लांबट लघुग्रहाच्या एका फेरीत दोन शिखरं आणि दोन दऱ्या दिसतात. गॅस्प्राची फेरी 7.042 तासांची. म्हणजे शिखर ते शिखर साडेतीन तास.

रात्रीचा क्रम असा ठेवा. अंधार पडण्याआधी किंवा संध्याकाळच्या सपाट उजेडात फ्लॅट घ्या, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, ज्यांवरून चौकटीत कुठे उजेड कमी पोहोचतो ते कळतं. कॅमेऱ्याची बसवण आणि फोकस नंतर हलवू नका. गॅस्प्रा 30 अंशांवर आला की सुरू करा. 60 सेकंदांचं एक्स्पोजर, दर दोन मिनिटांनी एक. एवढ्या वेळात तो पाऊण विकलाही सरकत नाही, ठिपका गोलच राहतो. प्रत 14 च्या पुढे असेल तर 90 ते 120 सेकंद द्या. डीएसएलआरवर फक्त रॉ फाइल घ्यायची, जेपेगमध्ये उजेडाचा हिशेब बिघडलेला असतो. मोजताना हिरवी वाहिनी वेगळी काढा. ठिपका कुठेही संपृक्त होऊ देऊ नका, म्हणजे पिक्सेल उजेडाने काठोकाठ भरता कामा नये, आणि तुलनेचे तारेही नाहीत. आठ तासांत सुमारे 240 फोटो होतात, मोठ्या सेन्सरवर बारा-तेरा जीबी जागा लागते. शेवटी त्याच तापमानाला डार्क, म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळाचे फोटो, घ्या.

जर्मन पद्धतीचा माउंट असेल तर मध्यरात्री, लघुग्रह मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना, दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटावी लागते. चित्र उलटं होतं, तारे सेन्सरच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात, आणि फ्लॅट जरासा जरी कच्चा असेल तरी प्रकाशवक्रात तिथे पायरी पडते. पलटण्याआधीचे आणि नंतरचे फोटो दोन वेगळे संच मानून मोजा, मग जुळवा.

सहावी पायरी : उजेड मोजणं

फोटोंतून डार्क वजा करा आणि मग फ्लॅटने भागा. मग गॅस्प्राभोवती एक वर्तुळ धरायचं. त्याची त्रिज्या ठिपक्याच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदीच्या दीड ते दोनपट असावी. भोवतालच्या कड्यावरून आकाशाचा उजेड काढून तो वजा करायचा. असंच पाच-सहा ताऱ्यांचं करायचं आणि त्यांच्याशी गॅस्प्राची तुलना. रात्रभरात तो पाचेक कलाच सरकतो, त्यामुळे सुरुवातीचे तारे शेवटपर्यंत चौकटीत राहतात.

तारे निवडताना रंग बघा. गॅस्प्रा सूर्याचाच उजेड परतवतो, म्हणून सूर्यासारख्या रंगाचे तारे घ्या. गडद लाल किंवा निळे तारे घेतले तर रात्र चढते-उतरते तशी हवेची जाडी बदलून खोटा कल दिसतो. निवडलेल्या दोन ताऱ्यांची आपापसातली तुलनाही काढा. ती सपाट रेघ आली पाहिजे. एखादा तारा स्वतःच बदलता निघाला तर तो वगळा.

गॅस्प्रा वाटेत एखाद्या अंधूक ताऱ्यावरून जातो तेव्हा त्याची चमक अचानक वाढल्यासारखी दिसते. ते फोटो निर्दयपणे काढून टाका. तो मार्ग आधीच खोल आकाशचित्रावर आखून ठेवला तर कोणत्या वेळेला असं होणार ते आधी कळतं.

आता आलेख. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर प्रत, आणि प्रतीचा आकडा उलटा, कारण कमी आकडा म्हणजे जास्त तेज. वेळ ज्युलियन दिवसात लिहा. ज्युलियन दिवस जागतिक वेळेच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातली अख्खी रात्र एकाच क्रमांकात बसते. युरोपातल्या निरीक्षकालाही अख्खी रात्र अशीच मिळते, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्याला मात्र मध्येच दिवस बदलतो.

एकाहून जास्त रात्री जोडायच्या असतील तर दोन दुरुस्त्या करा. प्रतीतून 5 × लॉग (दोन्ही अंतरांचा गुणाकार) वजा करा, म्हणजे अंतर बदलल्याचा परिणाम जाईल. आणि वेळेतून उजेडाच्या प्रवासाचा काळ वजा करा. 0.83 एककांना तो सात मिनिटांच्या थोडा कमी होतो.

फसवे काळ

रोज रात्री नऊ ते एक असे चारच तास बसलात तर एक सापळा तयार असतो. गॅस्प्रा 24 तासांत 3.4 फेऱ्या मारतो. पण मधल्या दिवसात तुम्ही बघितलं नाही, तेव्हा तो 2.4 फेऱ्या मारतो की 4.4, हे तुमच्या आकड्यांना सांगता येत नाही. शिखरं दोन असल्यामुळे 2.9 आणि 3.9 सुद्धा बसू शकतात. मग संगणक 7.04 च्या शेजारी 5.4, 6.1, 8.3, 10 तास असेही काळ पुढे करतो, आणि त्यातला एखादा दिसायला जास्त देखणा असतो. देखणेपणावर जाऊ नका. उपाय दोनच: एका रात्री सलग सात-आठ तास बसणं, किंवा दूरच्या रेखांशावरच्या निरीक्षकाबरोबर मोजमापं जोडणं. परदेशात राहणाऱ्या मराठी मित्राकडे दुर्बीण असेल तर ही जोडी फार कामाची ठरते. आपली पहाट झाल्यावर तो पुढचा भाग धरतो.

दोन शिखरांची उंची सारखी येणार नाही, दऱ्यांची खोलीही नाही. दगड वेडावाकडा आहे, म्हणून तसंच यायला हवं. हा फरकच तुम्हाला पहिलं शिखर आणि दुसरं शिखर वेगळं ओळखू देतो.

आकार काढणं

सर्वांत उंच शिखर आणि सर्वांत खोल दरी यांतला फरक मोजा. 10 चा (0.4 × फरक) एवढा घात म्हणजे लांबी आणि रुंदीचं किमान गुणोत्तर. समजा फरक अर्ध्या प्रतीचा आला, तर गुणोत्तर 1.58. गॅलिलिओच्या मोजमापांनुसार 18.2 भागिले 10.5 म्हणजे 1.73. किमान हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आपण गॅस्प्राकडे त्याच्या अक्षाच्या दिशेने तिरकं बघत असू तर चढउतार दबतो. म्हणून वेगवेगळ्या प्रतियुतींत वक्राची उंची वेगळी येते, आणि त्या फरकांवरूनच अक्ष कुठे रोखलेला आहे ते काढतात.

किलोमीटरमधला आकार हवा असेल तर एस प्रकारचे लघुग्रह पडलेल्या उजेडाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा परतवतात, हे धरा. 1329 ला परावर्तनाच्या वर्गमुळाने भागा, मग 10 च्या (उणे निरपेक्ष प्रत ÷ 5) घाताने गुणा. 0.25 आणि 11.5 घातले तर 13.3 किलोमीटर येतात. यानावरून काढलेला सरासरी व्यास 12 किलोमीटरच्या थोडा वर आहे. मोजपट्टी कोणीही तिथे नेलेली नसताना, फक्त उजेडावरून काढलेला आकडा इतका जवळ येतो.

पाठवायचं कुठे

प्रकाशवक्राची मूळ मोजमापं एएलसीडीईएफ या खुल्या संग्रहात ठेवता येतात. नुसतं आलेखाचं चित्र नको, वेळ, प्रत आणि प्रत्येकाची अनिश्चितता असा तक्ता हवा. पुढे आकाराचं प्रतिमान करणाऱ्यांना तोच उपयोगी पडतो.

दुर्बीण नसेल तरी चौथ्या पायरीपर्यंतचं काम शिकता येतं. विद्यार्थ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोध मोहिमांत हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणींचे फोटो संगणकावर येतात आणि त्यांतले सरकणारे ठिपके शोधायचे असतात. भारतातल्या अनेक शाळा-कॉलेजांनी त्यांत भाग घेतला आहे. पुण्यात 1944 पासून चालणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईतलं खगोल मंडळ यांच्याकडे दुर्बीण हाताळलेली माणसं भेटतात. पहिल्या रात्री शेजारी असं कोणी असलं तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

गॅस्प्रावर हात बसला की फ्लोरा कुटुंबातले, प्रत 14-15 चे, फिरण्याचा काळ अजून पक्का न झालेले लघुग्रह निवडा. लघुग्रह प्रकाशवक्रांच्या सूचीत प्रत्येक काळापुढे भरवशाचा एक दर्जा दिलेला असतो. 3 म्हणजे पक्का, 2 म्हणजे शंका शिल्लक, 1 म्हणजे जवळजवळ तर्क. दर्जा 2 चे निवडा, प्रतियुती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असलेले. त्या रात्री लांब असतात, हवा कोरडी असते, आणि लघुग्रह आपल्या अक्षांशावरून उंच चढतात.